बाकीचं रगात कुटं गेलं?

१

आहारतज्ज्ञांच्या परिषदेत सगळ्यात अवघड जागा कुठली, तर नाश्त्याची रांग. मुळशीच्या पाण्याकाठच्या त्या रिसॉर्टमध्ये राज्यभरातले तीनेकशे आहारतज्ज्ञ हातात बशा घेऊन उभे होते आणि प्रत्येकाचा एक डोळा शेजारच्याच्या बशीवर होता. साबुदाणा वड्यांना कोणीच हात लावताना दिसत नव्हतं, तरी परात रिकामी होत चालली होती. हेमलताबाई पाटणकरांनी मात्र राजरोस दोन वडे घेतले, वर चटणी घेतली आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

त्यांनी पुण्यातल्या एका इस्पितळात तीस वर्षं 'काय खाल्लंत?' या एका प्रश्नावर काढली होती. त्या प्रश्नाला माणूस कधी सरळ उत्तर देत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आंबा खाल्ला नाही म्हणणाऱ्याची त्या नखं बघायच्या. पथ्य पाळतो म्हणणाऱ्या नवऱ्याला सोडून त्या बायकोशी बोलत बसायच्या. एखाद्या पेशंटचं गणित जुळेना की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, पाटणकरबाईंना पाठवा, त्या वदवून घेतील.

आज दुपारी त्यांचा विद्यार्थी निरंजन फाले पेपर वाचणार होता. निरंजन कोळवणचा, भातशेतीवाल्या घरातला. मुळशीच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांत जाऊन त्याने पहिलटकरणींना नाचणी, अळीव, तीळ आणि गुळाचे लाडू दिले होते. सुरुवातीला बोट टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. काही वाड्यांवर लाडू दिले नाहीत, तिथे नुसतंच रक्त तपासलं, म्हणजे तुलना करता यावी. निकाल असा आला होता की हेमलताबाईंनाही दोन वेळा वाचावा लागला. लाडू खाणाऱ्यांचं रक्त सात-आठावरून थेट बारावर! शिवाय लाडवाच्या वाड्यांवरची एकही बाई मध्येच गळाली नव्हती. बिनलाडवाच्या वाड्यांवर मात्र दुसऱ्या खेपेला बहुतेक बायका घरी सापडल्याच नाहीत. एक संस्था हा लाडू तालुकाभर द्यायला तयार होती, फक्त आजच्या पेपरची वाट बघत होती.

दुसरा वडा तोंडाजवळ नेला तोच गेटवरचा वॉचमन आला. "मॅडम, एक माणूस फाले सरांना विचारतोय. आत सोडत नाही म्हटलं तर परतही जाईना."

गेटपाशी पंचविशीचा एक गडी उभा होता. डोकं तासलेलं, त्यावर नुकतेच केस फुटत होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक कार्ड.

"मी धनाजी मरगळे. वरच्या वाड्यावरला," तो म्हणाला. "बावधनला बांधकामावर असतो. सृष्टी माझी मंडळी. हे कार्ड तुमचंच न्हवं?"

कार्ड त्यांचंच होतं. सृष्टी धनाजी मरगळे. रक्त बारा. प्रकृती उत्तम.

"आमचंच. कशी आहे सृष्टी?"

"ती गेली. बाळातपनात, म्हायेरी. काल तेरावं झालं. पोरगी हाय, ती हाय बरी." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "डाक्तर म्हनलं, आनली तवाच अंगात रगात सहा व्हतं. बाळातपनाचं रगात जायच्या आधी. मी म्हनलं असं कसं, कार्डावर बारा हाय. तिला इंजेक्शन द्यायला नर्सबाई घरी आलती, पर माझ्या सासूनं हे कार्ड दावलं. बाई म्हनली, बारा हाय तर कशाला टोचायची?"

हेमलताबाईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

"मी लई शिकलो न्हाई," धनाजी म्हणाला. "पर बारातनं सहा काढता येत्यात मला. बाई, बाकीचं रगात कुटं गेलं?"

२

हेमलताबाईंनी त्याला आंब्याखालच्या बाकावर बसवलं आणि चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही. मग त्या सभागृहाच्या मागे निरंजनला शोधत गेल्या. तो रिकाम्या खोलीत भिंतीशी बोलत पेपरचा सराव करत होता. सृष्टीचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला.

"तुला माहीत होतं."

"रविवारी कळलं, मॅडम. पौडच्या बाजारात वाड्यावरचं कोणीतरी भेटलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मी रात्रभर सगळे आकडे तपासले. कुठेच चूक नाही. मग वाटलं, दवाखान्याचंच काहीतरी चुकलं असेल." तो बोलता बोलता थांबला. "वाटलं नाही, वाटून घेतलं. माझ्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला आहे. वडील आज पेपर ऐकायला येणार आहेत, मॅडम."

बाईंना त्याची दया आली आणि संतापही आला. पण संताप करत बसायला वेळ नव्हता. "खरं सांग. दुसऱ्या खेपेला वर गेला होतास, की घरी बसून आकडे भरलेस?"

"मॅडम!" त्याने मोबाइल काढून पुढे धरला. प्रत्येक टोचणीचा फोटो होता. त्यावर ठिकाण आणि तारीख आपोआप उमटलेली. कुठल्याही फोटोत चेहरा नव्हता, कारण बाईचा चेहरा दिसता कामा नये असा नियम होता. नुसते हात. एकामागून एक हात, बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब.

"सृष्टीशी बोललास ना तेव्हा?"

"बोलणं कसलं? पदर पुढे ओढून बसतात. मी बोट धरतो, टोचतो, फोटो काढतो. खालच्या गावचा पोरगा मी, वर गेलो की मान खाली. सुनेच्या तोंडाकडे बघितलं तर पुन्हा कोणी वाड्यावर पाय ठेवू देणार नाही."

बाईंनी सृष्टीला एकदाच पाहिलं होतं, अभ्यासाच्या सुरुवातीला. काटकुळी पोर, डोळ्यांखाली पांढुरकी. म्हातारा म्हसू, तिचा सासरा, बाजेवर बसला होता आणि पाहुणी म्हणून बाईंनाही तिथेच बसवलं होतं. बाईंनी शेजारी हात थोपटून सृष्टीला 'ये ना, बस' म्हटलं, तर ती जागची हलेना. उंबऱ्याशी जमिनीवरच अंग चोरून बसली. सासू तुकाबाई खळखळून हसली होती. "आवं बाई, सासऱ्यासमूर सून बाजंवर बसती व्हय?" पोर खाली मान घालून हसली होती, तेवढंच बाईंना आठवत होतं.

"निरंजन, तू खोटं बोलत नसशील, तर दुसरं कोणीतरी बोलतंय," बाई म्हणाल्या. "मशीन कोणाकडे असतं?"

३

मशीन कैलासकडे असायचं. कैलास इस्पितळाच्या प्रयोगशाळेतला जुना माणूस. परिषदेत हौशी लोकांचं रक्त फुकट तपासून द्यायला तो टेबल मांडून बसला होता. आपल्यावर संशय आहे हे त्याला बाईंच्या चालीवरूनच कळलं.

"माझं मशीन सहाचं बारा दाखवेल? मॅडम, त्यापेक्षा माझी नोकरी घ्या."

"नोकरी नको. माझं बोट घे."

बाईंचं रक्त गेल्याच आठवड्यात इस्पितळात तपासलेलं होतं, साडेदहा. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आहारतज्ज्ञाच्याच अंगात रक्त कमी म्हणजे दिव्याखाली अंधार. कैलासने बोट टोचलं. मशीन क्षणभर थबकलं आणि आकडा उमटला: साडेदहा.

"हेच मशीन तिकडे होतं? नक्की?"

"दोन्ही खेपांना हेच. बिनलाडवाच्या वाड्यांवरही हेच नेलं. बिघडलं असतं तर तिकडचेही आकडे चढले असते ना!"

मुद्दा बिनतोड होता. कैलासकडून त्या इंद्रजितकडे गेल्या. इंद्रजित म्हणजे लाडू पुरवणाऱ्या संस्थेचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि तितकंच इस्त्रीचं बोलणं. निकाल चांगला लागला तर निरंजनला संस्थेत घेऊ, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता. पेपर यशस्वी व्हावा असं त्याच्याइतकं कोणालाच वाटत नसेल.

"फार वाईट झालं," बातमी ऐकून तो म्हणाला. मग घड्याळ बघितलं. "पण मॅडम, एका केसवरून काही सिद्ध होत नाही. तेवढी एक बाई वगळा ना आकड्यांतून."

"ती वगळली गेलीच आहे," बाई म्हणाल्या. "लाडवात काही वेगळं घातलं होतं का तुम्ही? लोहाची पावडर, औषध?"

"काहीच नाही. तुमचीच पाककृती आहे. तुमच्याच लाडवावर तुमचा विश्वास नाही?"

तो टोमणा होता, पण बाईंना वर्मी लागला. खरंच, लाडवाने रक्त चढतं ते हळूहळू, एखाद-दीड ग्रॅमने. सातावरून बारावर नेणारा लाडू अजून जन्माला यायचा होता. हे त्यांनी वर्गात हजारदा शिकवलं होतं. तरी स्वतःच्या विद्यार्थ्याचा आकडा बघून त्या हरखल्या होत्या. माणूस आपल्या आवडत्या पदार्थाबद्दल खोटं बोलतो, तसंच आपल्या आवडत्या निकालाबद्दलही बोलतो. फक्त तेव्हा समोर पाटणकरबाई नसतात.

इंद्रजित कोणत्याही वाड्यावर कधी गेला नव्हता, मशीनला त्याने हात लावला नव्हता. म्हणजे तोही सुटला. आता संशय घ्यायला कोणीच उरलं नाही, आणि धनाजी अजून आंब्याखाली बसूनच होता.

४

सभागृहाच्या दाराशी निरंजनच्या पेपरचं मोठं पोस्टर लावलेलं होतं. त्यावर डावीकडे एक फोटो, उजवीकडे दुसरा. दोन्ही सृष्टीचे म्हणून छापलेले, पहिल्या खेपेचा हात आणि दुसऱ्या खेपेचा हात. खाली ठळक अक्षरांत: सात ते बारा.

बाई पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. निरंजनने खोटं लिहिलं नव्हतं. मशीन खरं बोलत होतं. दवाखान्यानेही खरंच सांगितलं असणार, मेलेल्या पोरीबद्दल खोटं सांगून त्यांना काय मिळायचं? म्हणजे बाराही खरे आणि सहाही खरे. हे कसं शक्य आहे?

डावीकडच्या फोटोतला हात शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकलेला होता. उजवीकडचा हात काथ्याच्या सुंभावर. बाजेचा सुंभ. आणि त्या हाताला लागूनच, फोटोच्या कडेला, धोतरातला एक म्हातारा गुडघा.

बाईंच्या कानात तुकाबाईचं हसणं वाजलं. सासऱ्यासमूर सून बाजंवर बसती व्हय?

"निरंजन," त्या हळूच म्हणाल्या, "हा गुडघा कोणाचा?"

"म्हसूबाबांचा. ते बाजेवरच असतात नेहमी."

"मग त्यांच्या शेजारी, त्यांच्याच बाजेवर बसून बोट पुढे करणारी बाई कोण? दोन्ही आकडे खरे असतील, तर बोटं दोघींची आहेत."

निरंजन पोस्टरच्या अगदी जवळ गेला.

"आता दुसरं. लाडू नसलेल्या वाड्यांवर बहुतेक बायका दुसऱ्या खेपेला सापडल्या नाहीत. कुठे गेल्या होत्या?"

"माहेरी. पहिलं बाळंतपण..." आणि तो थबकला. "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, मॅडम."

"आणि लाडवाच्या वाड्यांवर मात्र एकही सून माहेरी गेली नाही? ती रीत काय लाडवाबरोबर बंद झाली?"

पहिलटकरणीच घ्यायच्या ही अट खुद्द हेमलताबाईंची होती. त्या स्वतः पहिल्या खेपेला साताऱ्याला आईकडे गेल्या होत्या, सातव्या महिन्यात, ओटी भरून. हे ठाऊक असूनही अट लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही. इतकी घरातली गोष्ट की दिसलीच नाही.

"सून सातव्यात माहेरी जाते," त्या म्हणाल्या. "आणि त्याच घराची लेक त्याच सुमाराला सासरहून येते. बाजेवर बापाशेजारी कोण बसतं, निरंजन?"

मागून आवाज आला. "आपेक्षा."

धनाजी दारात उभा होता. वॉचमनने त्याला अखेर सोडलं होतं, की कोणी विचारलंच नव्हतं, कोण जाणे. तो पोस्टरमधल्या हाताकडे बघत होता. "ह्यो माझ्या भनीचा हात हाय."

५

तिघं गाडीने वाड्याकडे निघाले. रस्ता संपला तिथून चढण लागली. धनाजी पुढे भराभर चालत होता, बाई मागे धापा टाकत. निरंजनने आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

तुकाबाई अंगणात शेळीच्या पिल्लाला पाजत बसली होती. मुलाचा चेहरा बघून ती पाजायची थांबली. बाजेवर म्हसू होता, आणि त्याच्या शेजारी भरल्या पोटाची एक पोरगी. गालावर तजेला, बोटं गुबगुबीत. ती आणि सृष्टी एका वयाच्या असाव्यात.

"आय," धनाजी म्हणाला, "रगात कुनाचं दिलंस?"

तुकाबाईने आधी मुलाकडे बघितलं, मग बाईंकडे. ती खोटं बोलणार नाही हे हेमलताबाईंना तिच्या हातांवरून कळलं. ते पिल्लाच्या मानेवर शांत होते.

"आपेक्षाचं," ती म्हणाली. "तुझी बायकू म्हायेरी गेली. लाडवाची पोरं आली तर काय सांगू? न्हाई म्हनलं असतं तर लाडू बंद झालं असतं. ही पोटुशी पोर दारात आलेली. हिच्या सासरी कसलं लाडू अन् कसलं काय! हिला खाऊ घालू नको तर काय करू?"

"अगं पर तिचं नाव घातलंस!"

"नाव कुटं, बोट दिलं. बोटभर रगात, त्याचं काय एवढं? घरचंच व्हतं." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "बाई, त्यांनी कार्ड दिलं. त्यावर सृष्टीचं नाव हाय असं म्हनलं. दवाखान्यात दावायला लागंल. मी म्हनलं, तिचं हाय तर तिच्याकडं पाठवावं. म्या ठिवून न्हाई घेतलं. धनाजीच्याच हातानं धाडलं."

आता मात्र तिला काहीतरी उमगलं. पिल्लू मांडीवरून उतरून गेलं तरी तिचा हात तसाच हवेत राहिला.

"त्या कार्डानंच..." ती म्हणाली.

हेमलताबाईंना वाटलं, आता हा पोरगा ओरडेल, काही फोडेल. त्याने ओरडावं असंच त्यांना वाटत होतं. त्यांना स्वतःला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर? लेकीला खाऊ घालणाऱ्या आईवर? मान खाली घालणाऱ्या निरंजनवर? तीस वर्षं माणसांची खोटी उत्तरं पकडणाऱ्या त्या, आणि इथे कोणी खोटं बोललंच नव्हतं.

अपेक्षा बाजेवरून उतरून जमिनीवर बसली. हुंदक्यांनी तिची मान हलत होती. "दादा, मला कुटं ठावं..."

धनाजी तिच्याकडे बघत राहिला. तिच्या पोटाकडे बघत राहिला. मग खाली बसून म्हणाला, "जेवलीस का तू?"

तिने मान हलवली, नाही.

"मग जेव आदी," तो म्हणाला आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेला. बराच वेळ आला नाही.

६

निरंजनने परतीच्या वाटेवरच मोबाइलमधले सगळे फोटो पुन्हा काढले. दुसऱ्या खेपेतले हात. एक बाजेवर, एक चुलीपुढच्या पाटावर, एक तर झोपाळ्याच्या कडीवर. एकही हात सुनेसारखा बसलेला नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला. "सृष्टीखेरीज अजून अकरा जणी आहेत. सगळ्यांना कार्डं दिली मी."

बाईंना ते वाड्यावरच कळलं होतं. अकरा पोरी, आपापल्या आयांच्या घरी, कोणी घाटाखाली, कोणी धरणापल्याड. प्रत्येकीच्या उशाखाली किंवा ट्रंकेत एक कार्ड, प्रकृती उत्तम. कोणाचे दिवस आज भरतील, कोणाचे उद्या.

सभागृहात जेवणानंतरची गुंगी होती. निरंजन माइकपाशी गेला, पहिलं वाक्य म्हणाला आणि त्याला पुढे बोलवेना. तिसऱ्या रांगेत त्याचे वडील धुतलेला फेटा बांधून बसले होते. हेमलताबाई उठल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. कोणाला पाठीशी घातलं नाही, स्वतःलाही नाही. "सात ते बारा ही वाढ आमच्या लाडवाची नाही," त्या म्हणाल्या. "सून आणि लेक यांच्यातला हा फरक आहे. एकाच घरातल्या, एकाच वयाच्या, दोघीही पोटुशी. आम्ही गेलो होतो लाडू मोजायला. मोजून आलो हे."

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या, काहींचे डोळेही पाणावले. बाईंना त्या टाळ्यांची किळस आली. पुढच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी हात वर केला. "मॅडम, अतिशय प्रामाणिक मांडणी. मग लाडवाचा परिणाम लेकींवर झाला, असं म्हणता येईल का? म्हणजे पेपर वाया जाणार नाही."

"सर, मला पेपर नको आहे. मला अकरा बायकांचे पत्ते हवे आहेत. तिकडे कोणाच्या ओळखी असतील तर आत्ता फोन करा."

काही जणींनी खरंच मोबाइल काढले. पण कोणाला काय सांगायचं, हे कोणालाच कळेना. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. बाहेर इंद्रजित भेटला. त्याने नम्रपणे सांगितलं की या परिस्थितीत लाडू थांबवावे लागतील, सगळ्याच वाड्यांवरचे, पुन्हा पाहणी होईपर्यंत. म्हणजे आता अपेक्षालाही नाही. बाईंनी त्याच्याशी वाद घातला, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. तो ऐकून घेत राहिला आणि त्याचं उत्तर तेच राहिलं.

७

पत्ते धनाजीने मिळवून दिले; तो त्यांच्याबरोबरच परत खाली आला होता. कुठल्या वाड्यावरची सून कुठली, हे सोयरिकीतल्या माणसाला विचारायला लागत नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात रेंज येत होती, तिथे तिघं उभे राहिले. धनाजी नंबर काढायचा, आधी नात्याची ओळख सांगायचा आणि मग फोन बाईंच्या हातात द्यायचा.

काही ठिकाणी घंटी नुसतीच वाजत राहिली. एकीचा भाऊ म्हणाला, उद्या बघतो. एकीला कालच मुलगा झाला होता, दोघंही ठीक होते, आणि ते ऐकून निरंजनने तिच्या नावापुढे खूण केली. एकीचा बाप जीप घेऊन लगेच निघतो म्हणाला. तेवढ्यानेच बाईंना इतका धीर आला की पुढचा नंबर त्यांनी स्वतःच लावला, धनाजीला मध्ये न घेता.

ती भैरू ढेब्यांची लेक होती, धरणापल्याडची. नववा लागलेला. सुरुवातीच्या तपासणीत बाराजणींत सगळ्यात कमी रक्त तिचंच होतं. फोन तिच्या आईने उचलला.

"ताई, मी हेमलता पाटणकर बोलतेय. तुमच्या मुलीकडे लाडवाचं कार्ड आहे ना?"

"व्हय, हाय की. ट्रंकंत ठिवलंय. बारा हाय तिचं."

"ते चुकलंय. ते रक्त तिचं नाही. तिला आजच दवाखान्यात न्या. थांबू नका."

पलीकडे एक कोंबडी ओरडत होती.

"आसं कसं तिचं न्हाई? पोरीचं नाव हाय त्यावर. समदं चांगलं हाय म्हनून लिवलंय, नातवानं वाचून दावलं."

"लिहिलंय ते खोटं आहे, ताई. माझं ऐका. हात जोडते."

"अन् तुमी कोन म्हनायच्या?"

"पाटणकर. त्या कार्डावर खाली सही आहे बघा, ती माझीच."

पलीकडची बाई जरा हसली. त्या हसण्यात राग नव्हता, भाबड्या माणसाला आपण फसत नाही याचा जो आनंद होतो, तेवढाच होता.

"आवं, आसं कुनीबी म्हनंल. ती सहीवाली मोठी बाई हाय, पुन्याची. ती कशाला आमाला फोन करंल?"

फोन ठेवला गेला. बाईंनी पुन्हा लावला, लागला नाही. धनाजीच्या फोनवरून लावला, तोही लागला नाही.

धनाजीने त्यांच्या हातातून फोन घेऊन खिशात टाकला. "माझी सासूबी हेच म्हनली असती, बाई," तो म्हणाला. मग त्याने गाडीचं दार उघडलं आणि निरंजनला म्हणाला की ढेब्यांच्या घराकडं रस्ता निम्म्यापातूरच हाय, पुढं चालावं लागंल.